फ्रेमच्या संकेतस्थळात दुवे कसे द्यावेत : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फ्रेमची संकेतस्थळे म्हणजे पडद्याच्या चौकटी (फ्रेम) पाडून प्रत्येकीत वेगळी फाइल दाखवणारी संकेतस्थळे. सांगली, मिरज, तासगाव, कराड आणि सातारा या भागांतील अशी जुनी संकेतस्थळे सांभाळणाऱ्यांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते येथे एकत्र केले आहेत. उदाहरणासाठी सांगलीच्या मार्केट यार्डातील एका कल्पित अडत दुकानाचे संकेतस्थळ घेतले आहे. त्याच्या वरच्या पट्टीत दुकानाचे नाव आहे, डावीकडे पानांची यादी आहे आणि उजवीकडे निवडलेले पान दिसते. या तीन फ्रेमना अनुक्रमे 'माथा', 'यादी' आणि 'मजकूर' अशी नावे दिली आहेत. वाचनाच्या सोयीसाठी टॅग (पानाची रचना सांगणाऱ्या खुणा), फाइली आणि फ्रेम यांची नावे येथे उच्चारानुसार देवनागरीत लिहिली आहेत. प्रत्यक्ष फाइलमध्ये ती सर्व रोमन अक्षरांतच टंकावीत.

१. आमचे संकेतस्थळ फ्रेमचे आहे की नाही, हे कसे ओळखावे?

यादीतील वेगवेगळ्या दुव्यांवर क्लिक करून पाहावे. मजकूर बदलत असूनही वरच्या अ‍ॅड्रेस बारमधील पत्ता तसाच राहत असेल, तर ते फ्रेमचे असण्याची शक्यता मोठी आहे. खात्रीसाठी मुखपृष्ठाचा सोर्स (पानामागचे मूळ लिखाण) उघडावा: तेथे 'बॉडी' या टॅगच्या जागी 'फ्रेमसेट' आणि त्याच्या आत प्रत्येक चौकटीसाठी एकेक 'फ्रेम' असा टॅग दिसेल. मुखपृष्ठाच्या या फाइलमध्ये स्वतःचा मजकूर जवळजवळ नसतो. पडद्याचे भाग कसे पाडायचे आणि कोणत्या भागात प्रथम कोणती फाइल आणायची, एवढेच ती सांगते. ही सोय नेटस्केप नॅव्हिगेटरच्या दुसऱ्या आवृत्तीबरोबर १९९६ साली लोकांपर्यंत पोहोचली आणि डिसेंबर १९९७ मधील वेब पाने लिहिण्याच्या भाषेच्या, म्हणजे एचटीएमएलच्या, ४.० या मानकात तिला अधिकृत स्थान मिळाले.

२. यादीतल्या दुव्यावर क्लिक केले की पान यादीच्याच अरुंद जागेत उघडते. ते उजवीकडे कसे उघडावे?

दुवा ज्या चौकटीत असतो, त्याच चौकटीत नवे पान उघडणे ही ब्राउझरची मूळ रीत आहे. म्हणून फ्रेमच्या संकेतस्थळात दुव्याला 'कोणते पान' याबरोबरच 'कोणत्या जागी' हेही सांगावे लागते. पहिली गोष्ट 'एचरेफ' सांगतो आणि दुसरी 'टार्गेट'. मुखपृष्ठाच्या फाइलमध्ये उजव्या फ्रेमला 'नेम' या गुणधर्माने 'मजकूर' हे नाव दिलेले असेल, तर यादीतील दुवा असा लिहावा:

<ए एचरेफ="हळद.एचटीएमएल" टार्गेट="मजकूर">राजापुरी हळद</ए>

या पानावरील बहुतेक अडचणींचे मूळ 'कोणत्या जागी' हे सांगायचे राहून जाण्यात किंवा ते चुकीचे सांगण्यात असते.

३. यादीत चाळीस दुवे आहेत. प्रत्येकात टार्गेट लिहिण्याऐवजी एकदाच लिहून भागेल का?

भागते. यादीच्या फाइलमधील 'हेड' या (सुरुवातीच्या, पडद्यावर न दिसणाऱ्या) भागात 'बेस' हा टॅग टाकून त्यात टार्गेट म्हणून 'मजकूर' लिहिले की त्या फाइलमधील सर्व दुवे उजव्या फ्रेममध्ये उघडतात. एखाद्या दुव्याला वेगळी जागा हवी असल्यास त्यात स्वतंत्र टार्गेट लिहावे. दुव्यातील टार्गेट बेसमधील टार्गेटावर मात करते. ही सूचना फक्त त्या एका फाइलपुरती असते आणि ती मुखपृष्ठाच्या फाइलमध्ये लिहिली तर यादीतील दुव्यांवर तिचा परिणाम होत नाही, हे मात्र लक्षात असू द्यावे.

बेस टॅगमध्ये टार्गेटाबरोबर एचरेफही लिहिण्याचा मोह टाळलेला बरा. तो लिहिल्यास फाइलमधील सर्व सापेक्ष (संकेतस्थळाच्या नावाशिवाय लिहिलेले) पत्ते त्या नव्या मुळापासून मोजले जातात. त्याच पानातील एखाद्या मथळ्याकडे नेणारे, हॅशने (#) सुरू होणारे दुवेसुद्धा यातून सुटत नाहीत आणि भलत्याच पानाकडे जाऊ लागतात.

४. अंडरस्कोअरने सुरू होणारी चार नावे कोणती आणि कोणते केव्हा वापरावे?

ही नावे ब्राउझरने राखून ठेवलेली आहेत. ती कोणत्याही फ्रेमला देता येत नाहीत. '_सेल्फ' म्हणजे दुवा जेथे आहे तीच चौकट, आणि बेसमधील सूचना एखाद्या दुव्यापुरती रद्द करायची असेल तेव्हाच तिचा उपयोग होतो. '_पेरेंट' म्हणजे त्या चौकटीला लगेच सामावून घेणारा फ्रेमसेट. '_टॉप' म्हणजे सर्व फ्रेम बाजूला सारून ब्राउझरची संपूर्ण खिडकी. '_ब्लँक' म्हणजे नवा टॅब किंवा नवी खिडकी.

फ्रेमसेट एकाच पातळीचा असेल तर '_पेरेंट' आणि '_टॉप' यांचा परिणाम एकच दिसतो. फरक पडतो तो फ्रेममध्ये पुन्हा फ्रेमसेट असल्यावर (प्रश्न १० पाहावा). पान कोणत्याही फ्रेममध्ये नसताना हे दोन्ही शब्द '_सेल्फ'प्रमाणेच वागतात, त्यामुळे ते लिहून ठेवण्यात धोका नाही.

'_ब्लँक'चा वापर आपल्याकडे गरजेपेक्षा फार जास्त होतो, असे आमचे मत आहे. वाचक आपले पान सोडून जाईल या भीतीने प्रत्येक दुवा नव्या टॅबमध्ये उघडल्यास मोबाइलवर टॅबांची रास साठते आणि परतीचे बटण निरुपयोगी होते.

५. बाहेरच्या संकेतस्थळाला दुवा दिला, तर ते आमच्याच चौकटीत अडकते किंवा चौकट कोरी राहते. असे का होते?

अडकण्याचे कारण प्रश्न २ मध्ये आले आहे: जागा सांगितली नाही, की पान त्याच चौकटीत उघडते. बाहेरच्या प्रत्येक दुव्याला '_टॉप' हे टार्गेट द्यावे, हा यावरचा साधा नियम. दुसऱ्याचे पान आपल्या नावाच्या पट्टीखाली दाखवणे वाचकाची दिशाभूल करणारे असते, आणि त्यावरून वादही झाले आहेत. १९९७ साली अमेरिकेत वॉशिंग्टन पोस्टसह काही वृत्तसंस्थांनी टोटलन्यूज या संकेतस्थळाविरुद्ध याच कारणावरून दावा लावला होता. फ्रेम बंद करून साधे दुवे देण्याचे टोटलन्यूजने मान्य केल्यावर तो त्याच वर्षी तडजोडीने मिटला.

चौकट कोरी राहण्याचे कारण वेगळे आहे. 'आमचे पान दुसऱ्याच्या फ्रेममध्ये दाखवू नये' अशी सूचना समोरचा सर्व्हर ब्राउझरला देऊ शकतो. त्यासाठी 'एक्स-फ्रेम-ऑप्शन्स' हा हेडर (सर्व्हर पानाबरोबर पाठवतो ती टीप) किंवा त्याच्याहून नवी 'फ्रेम-अ‍ॅन्सेस्टर्स' ही सूचना वापरतात. अदृश्य फ्रेम वर ठेवून वाचकाकडून नकळत क्लिक करवून घेण्याच्या फसवणुकीला आळा घालण्यासाठी ही तरतूद आली, आणि पैशांचे व्यवहार होणारी संकेतस्थळे ती सहसा पाळतात. आपल्या बाजूने त्यावर उपाय नाही आणि शोधूही नये. आपले मुखपृष्ठ एचटीटीपीएसवर (सुरक्षित जोडणीवर) आणि आतले पान साध्या एचटीटीपीवर असेल, तरीही ब्राउझर ते पान फ्रेममध्ये आणण्यास नकार देतो. तेथे मात्र आतल्या पानाचा पत्ता एचटीटीपीएसचा करणे आपल्या हातात असते.

६. बेदाण्याच्या भावाच्या पानाचा थेट दुवा व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचा आहे, पण अ‍ॅड्रेस बारमध्ये कायम मुखपृष्ठाचाच पत्ता दिसतो. आतल्या पानाचा पत्ता कसा मिळवावा?

अ‍ॅड्रेस बार नेहमी सर्वांत बाहेरच्या फाइलचा, म्हणजे फ्रेमसेटचा पत्ता दाखवतो. तोच पत्ता पाठवल्यास तासगावातील शेतकऱ्याच्या मोबाइलवर भाव न दिसता दुकानाचे स्वागताचे पान उघडते. बुकमार्कचीही हीच गत होते.

आतला पत्ता मिळवण्याचा सर्वांत सोपा मार्ग यादीतून जातो. संगणकावर यादीतील 'बेदाण्याचे भाव' या दुव्यावर उजवे क्लिक करून दुव्याचा पत्ता कॉपी करावा. मोबाइलवर तोच दुवा दाबून धरला की पत्ता कॉपी करण्याचा पर्याय येतो. पानाकडे नेणारा दुवा समोर नसेल, तर फायरफॉक्समध्ये त्या चौकटीत उजवे क्लिक केल्यावर फ्रेमसंबंधीचा उपमेनू मिळतो आणि त्यातून ती फ्रेम एकटी किंवा नव्या टॅबमध्ये उघडता येते. तसे केल्यावर खरा पत्ता वर दिसतो.

७. तसा पत्ता पाठवला. पान उघडते, पण यादीही नाही आणि दुकानाचे नावही नाही. यावर काय करावे?

आतली फाइल ही स्वतंत्र फाइल आहे. आपण कोणत्या फ्रेमसेटात बसणार आहोत, हे तिला ठाऊक नसते. शोधयंत्रांतून येणारा वाचकही बहुधा असाच थेट आतल्या पानावर उतरतो, म्हणून हा प्रश्न एखाद्या दुव्यापुरता नाही. त्यावर तीन उपाय आहेत आणि त्यांतील पहिला प्रत्येकाने करावाच.

प्रत्येक आतल्या पानाच्या तळाशी दुकानाचे नाव लिहून मुखपृष्ठाचा दुवा द्यावा आणि त्याचे टार्गेट '_टॉप' ठेवावे. पान एकटे उघडले असेल तर वाचक त्या दुव्याने संपूर्ण रचनेत पोहोचतो. ते फ्रेममध्येच असेल तर '_टॉप'मुळे मुखपृष्ठ पूर्ण खिडकीत उघडते. टार्गेट विसरल्यास मात्र उजव्या चौकटीत पुन्हा सगळी रचना उघडू पाहते आणि यादीच्या शेजारी दुसरी यादी दिसण्याचा परिचित गोंधळ उडतो.

दुसरा उपाय निव्वळ एचटीएमएलचा आहे आणि ज्यांना स्क्रिप्टच्या (पानातील छोट्या प्रोग्रामच्या) वाटेला जायचे नाही त्यांना तो आम्ही आवर्जून सुचवतो. मुखपृष्ठाच्या फ्रेमसेटची एक प्रत करावी, तिला 'भाव-मुख.एचटीएमएल' असे नाव द्यावे आणि तिच्यातील 'मजकूर' या फ्रेमच्या 'एसआरसी'मध्ये (प्रथम कोणती फाइल आणायची हे सांगणाऱ्या गुणधर्मात) स्वागताच्या पानाऐवजी भावाचे पान लिहावे. आता व्हॉट्सअ‍ॅपवर या नव्या फाइलचा पत्ता पाठवला, की नाव, यादी आणि भाव असे तिन्ही भाग बरोबर उघडतात. फ्रेमची नावे दोन्ही फाइलींत तीच ठेवावीत, म्हणजे यादीतील दुवे न बदलता चालतात. पाचसहा महत्त्वाच्या पानांसाठी हे सोयीचे आहे. दोनशे पानांसाठी दोनशे प्रती करणे अर्थातच वेडेपणाचे होईल.

तेथे तिसरा उपाय लागतो. आतल्या पानातील छोटी स्क्रिप्ट 'मी सर्वांत वरच्या खिडकीत आहे का' एवढे तपासते. तसे असल्यास ती वाचकाला मुखपृष्ठाकडे पाठवते आणि पत्त्यात प्रश्नचिन्हापुढे स्वतःचे नाव जोडते; मुखपृष्ठावरील दुसरी स्क्रिप्ट ते नाव वाचून योग्य पान उजव्या फ्रेममध्ये आणते. येथे एक खबरदारी अत्यावश्यक आहे: पत्त्यातून आलेले नाव आपल्याच पानांच्या ठरलेल्या यादीत आहे, याची खात्री केल्याशिवाय ते उघडू नये. अन्यथा कोणीही त्या जागी भलताच पत्ता लिहून आपल्या दुकानाच्या पाटीखाली फसवे पान दाखवू शकेल.

८. दुसऱ्या कोणाच्या फ्रेमच्या संकेतस्थळातील एकाच पानाचा संदर्भ द्यायचा आहे. दुवा मुखपृष्ठाला द्यावा की आतल्या पानाला?

संदर्भ ज्या पानाचा आहे, त्याच पानाला द्यावा. मात्र त्या पानावर परतीचा दुवा नसेल (प्रश्न ७ मधील पहिला उपाय त्यांनी केलेला नसेल), तर वाचकाला ते कोणाचे पान आहे हे कळत नाही. अशा वेळी आपल्या वाक्यातच संस्थेचे नाव लिहून त्याला मुखपृष्ठाचा वेगळा दुवा जोडावा. कास पठाराच्या फुलांविषयी लिहिताना एखाद्या जुन्या संकेतस्थळावरील यादीचा आधार घेतला असेल, तर 'यादी' या शब्दावर आतल्या पानाचा आणि संस्थेच्या नावावर मुखपृष्ठाचा दुवा, अशी मांडणी दोन्ही गरजा भागवते.

९. लांब पानाच्या मधल्या एखाद्या मथळ्यावर थेट नेता येते का?

येते. मथळ्याला 'आयडी' (ओळखनाव) द्यावा आणि दुव्यात फाइलच्या नावापुढे हॅश व तो आयडी लिहून टार्गेट नेहमीप्रमाणे 'मजकूर' ठेवावे. प्रश्न ७ मधील दुसऱ्या उपायात फ्रेमच्या एसआरसीमध्येही असाच हॅश चालतो. मुखपृष्ठाच्या पत्त्याला मात्र हॅश जोडून उपयोग नाही. तो फ्रेमसेटपाशीच संपतो, आतल्या फाइलपर्यंत पोहोचत नाही.

१०. एकाच क्लिकमध्ये यादी आणि मजकूर अशा दोन्ही फ्रेम बदलता येतील का?

एका दुव्याचे टार्गेट एकच असू शकते. तरीही रचना थोडी बदलून हे साधता येते. मुखपृष्ठाचे आधी दोनच भाग करावेत: वर 'माथा' आणि खाली 'तळ'. 'तळ' या फ्रेममध्ये दुसरी फ्रेमसेटची फाइल आणावी आणि तिच्यात 'यादी' व 'मजकूर' हे भाग पाडावेत. वरच्या पट्टीतील 'बेदाणे विभाग' या दुव्याचे टार्गेट 'तळ' ठेवून त्याला बेदाण्यांची यादी व मजकूर असलेला वेगळा फ्रेमसेट दिला, की दोन्ही फ्रेम एकदम बदलतात. या रचनेत यादीतून '_पेरेंट' म्हटले तर फक्त 'तळ' बदलतो, वरची पट्टी टिकते. '_टॉप' म्हटले तर सगळेच जाते.

११. फ्रेमचे नाव बरोबर लिहिले आहे, तरी दुवा नव्या टॅबमध्येच उघडतो. चूक कोठे असावी?

त्या नावाची चौकट सापडली नाही की ब्राउझर तक्रार करत नाही. तो त्या नावाने नवा टॅब उघडतो आणि पुढचे तसेच दुवे त्याच टॅबमध्ये आणतो. याचा अर्थ नाव कोठेतरी जुळत नाही. राखीव शब्द सोडले तर नावांत रोमन लहान-मोठ्या अक्षरांचा भेद पाळला जातो. नावापुढे किंवा मागे राहिलेली मोकळी जागाही नाव बदलते. फ्रेमला 'नेम'ऐवजी फक्त 'आयडी' दिलेला असणे हे तिसरे नेहमीचे कारण आहे, कारण टार्गेट आयडी पाहत नाही. आणि प्रश्न ७ प्रमाणे पान एकटे उघडलेले असेल, तर 'मजकूर' नावाची चौकट तेथे नसतेच.

नावे देवनागरीत ठेवली तर आजच्या ब्राउझरांत ती चालतात, पण एचटीएमएल ४ नुसार नावाची सुरुवात रोमन अक्षराने व्हायला हवी होती. शिवाय 'र्‍या'सारख्या जोडाक्षरात दडलेले, डोळ्यांना न दिसणारे जोडचिन्ह एका ठिकाणी असले आणि दुसऱ्या ठिकाणी नसले, तर दोन नावे दिसायला सारखी असूनही जुळत नाहीत. म्हणूनच सुरुवातीला रोमन अक्षरांचा आग्रह धरला आहे.

१२. फाइलीची नावे मराठीत ठेवावीत का?

चालतात, पण पाठवताना पत्ता लांबलचक होतो. यूटीएफ-८ या अक्षरसंकेतनात (अक्षरे बाइटांत साठवण्याच्या पद्धतीत) देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचे असते आणि पत्त्यात प्रत्येक बाइट टक्क्याच्या चिन्हासह तीन अक्षरांनी लिहिला जातो, त्यामुळे 'हळद' एवढ्या नावाची सत्तावीस अक्षरे होतात. रोमन नावे लहान अक्षरांत ठेवावीत. विंडोजच्या संगणकावर चालणारा दुवा लिनक्सच्या सर्व्हरवर निव्वळ एका मोठ्या अक्षरामुळे तुटतो.

१३. यादीची फाइल वेगळ्या फोल्डरमध्ये हलवली आणि सगळे दुवे तुटले. मुखपृष्ठ तर जागच्या जागी आहे?

सापेक्ष पत्ता मोजला जातो तो दुवा ज्या फाइलमध्ये लिहिला आहे तिच्यापासून. मुखपृष्ठ कोठे आहे किंवा पान कोणत्या चौकटीत उघडणार आहे, याचा त्याच्याशी संबंध नाही. यादी हलवली की तिच्यातील पत्ते बदलावे लागतात, किंवा ते आधीच तिरप्या रेषेने सुरू करून संकेतस्थळाच्या मुळापासून लिहावे लागतात.

१४. एका फ्रेममध्ये मराठी नीट दिसते आणि दुसऱ्यात अर्थहीन चिन्हे दिसतात. हे दुव्यामुळे होते का?

नाही. प्रत्येक फ्रेममध्ये स्वतंत्र फाइल असते, आणि तिने आपले अक्षरसंकेतन आपल्या हेडमध्ये स्वतः सांगायचे असते. युनिकोडपूर्वीच्या फॉन्टात टंकलेली पाने त्या फॉन्टाशिवाय वाचताच येत नाहीत. ती युनिकोडमध्ये रूपांतरित करणे हाच मार्ग आहे.

१५. परतीचे बटण कधी एक फ्रेम मागे नेते, कधी दुसरी. का?

ब्राउझर सर्व फ्रेमचा इतिहास एकत्र आणि घडलेल्या क्रमाने ठेवतो. शेवटी जी फ्रेम बदलली, ती आधी मागे जाते.

१६. 'नोफ्रेम्स' (फ्रेम न दाखवणाऱ्या ब्राउझरसाठीचा मजकूर) आता ठेवावे का? अंध वाचकांसाठी काय करावे?

असल्यास काढू नये. मात्र 'तुमचा ब्राउझर जुना आहे' एवढेच न लिहिता त्यात यादीच्या पानाचा साधा दुवा द्यावा. स्क्रीन रीडर वापरणाऱ्यांच्या दृष्टीने प्रत्येक फ्रेमला 'टायटल' असणे अधिक महत्त्वाचे आहे, कारण कोणत्या चौकटीत जायचे हे ते त्यावरून ठरवतात. 'नेम' दुव्यासाठी असते आणि 'टायटल' माणसासाठी, म्हणून 'डावी फ्रेम' न लिहिता 'पानांची यादी' असे लिहावे.

१७. आयफ्रेमलाही (साध्या पानाच्या आत बसवलेल्या फ्रेमलाही) हेच नियम लागू होतात का?

होतात. आयफ्रेमला 'नेम' दिले की दुव्याचे टार्गेट तसेच चालते. अपवाद आतल्या पानावर बंधने घालणाऱ्या 'सँडबॉक्स' या गुणधर्माचा आहे. तो लावलेल्या आयफ्रेममधून '_टॉप' आणि '_ब्लँक' हे दोन्ही दुवे स्वतंत्र परवानगीशिवाय काम करत नाहीत, आणि क्लिक केल्यावर काहीच होत नाही अशी तक्रार बहुधा यामुळेच येते.

१८. फ्रेम आता कालबाह्य आहेत, तर संकेतस्थळ बदलावेच लागेल का? बदलताना दुव्यांचे काय होईल?

ऑक्टोबर २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एचटीएमएल ५ या मानकाने 'फ्रेमसेट', 'फ्रेम' आणि 'नोफ्रेम्स' हे तिन्ही टॅग बाद ठरवले. ब्राउझर ते अजूनही दाखवतात, त्यामुळे उद्या सकाळी काही बंद पडणार नाही. नवे संकेतस्थळ मात्र फ्रेममध्ये बांधू नये, आणि जुने असल्यास सवडीने बदलावे. मोबाइलच्या अरुंद पडद्यावर तीन चौकटींची रचना वाचणे जिकिरीचे होते, हे एकच कारण त्याला पुरेसे आहे.

बदलताना आतल्या फाइलींची नावे तशीच ठेवावीत. लोकांनी वर्षानुवर्षे पाठवलेले आणि शोधयंत्रांनी नोंदलेले थेट दुवे त्याच नावांकडे येतात. प्रश्न ७ प्रमाणे केलेल्या फ्रेमसेटच्या प्रती काढून टाकण्याऐवजी त्यांच्या पत्त्यांवरून संबंधित पानाकडे वळण द्यावे. प्रत्येक पानात यादी आणून बसवल्यावर 'टार्गेट' व 'बेस' यांतील 'मजकूर' हे नाव सर्व फाइलींतून शोधून काढावे. ते एकाही जागी राहिले, तर प्रश्न ११ मध्ये सांगितल्याप्रमाणे तो दुवा नव्या टॅबमध्ये उघडेल.